महिंद्रा एफसी १५०: शेडमधले पंधरा महिने

ज्यांना ही जुनी मालवाहू गाडी किंवा जुनी पेट्रोल जीप घरच्या घरी उभी करायची आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय. मी मेकॅनिक नाही, एमआयडीसीत मशीन शॉपला आहे, त्यामुळे हात काळे व्हायची सवय आहे एवढंच. काम फक्त रविवारी आणि सुट्टीला.

१४ जानेवारी २०२४

गाडी आली. गडहिंग्लजकडच्या एका पोल्ट्रीवाल्याच्या आवारात अकरा वर्षं उभी होती, हौद्यात कोंबडीखत आणि इंजिनच्या पेटीत मुंगसाचं घर. ८५,००० ला ठरली, कोल्हापूरपर्यंत आणायचे ९,००० वेगळे. आरसी बुकावर १९६८ मॉडेल, मालक म्हणून विकणाऱ्याच्या वडिलांचं नाव, ते वारलेत. हे पैसे द्यायच्या आधी बघायला पाहिजे होतं, मी नंतर बघितलं.

माहीत नसेल त्यांच्यासाठी: एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. ड्रायव्हर पुढच्या चाकावर बसतो आणि इंजिन दोन सीटच्या मधे पेटीखाली असतं. अमेरिकेत विलिस कंपनीने १९५६ च्या शेवटी आणली, खालचा सांगाडा सीजे-५ जीपचाच, आणि आपल्याकडे महिंद्राने १९६५ पासून बनवली. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर फक्त ८१ इंच, म्हणून तर माझ्या दहा बाय अठराच्या शेडमधे मावली आणि वर फिरायला जागा उरली.

प्लॅन असा की मित्राकडे पडलेलं जुन्या जीपचं डिझेल इंजिन बसवायचं, टायर रुंद टाकायचे, वर लाइटबार. बायकोने विचारलं किती दिवस, म्हणलं दसऱ्याला पूजा करू. कुठल्या दसऱ्याला ते सांगितलं नव्हतं हे बरं.

२१ जानेवारी

चाकं काढायला घेतली. उजवीकडची दहा मिनिटांत निघाली. डावीकडची जाम. डिझेल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी पान्याला चार फुटी पाइप लावून लोंबकळलो आणि कडाक् करून स्टड (चाकाचा नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) तुटला. गंजलाय म्हणून दुसऱ्याला लावला, तो पण तुटला. तिसऱ्याच्या वेळी शेजारचे आण्णा दात घासत आले, ते एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, दोन मिनिटं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "अरे बाबा, तू सोडवायलायस का आवळायलायस?"

डावीकडच्या चाकांना उलटे आटे असतात. स्टडच्या तोंडावर गंज खरवडला तर बारीक एल दिसतो. जुन्या विलिस घराण्यात ही पद्धत आहे, चाक फिरताना नट सैल होऊ नये म्हणून. मी सगळी ताकद आवळायला लावत होतो. टर्नर म्हणाला साध्या माइल्ड स्टीलचे बनवून देतो १०० रुपयांत, आण्णांनी मलाच झापलं, चाकाचा स्टड आहे का तुळशीचा खिळा. मग हरियाणातल्या मंडी डबवालीहून मागवले, तिथे जीपचं सगळं मिळतं. सहाचा सेट, कुरिअर धरून १,१५०, आठ दिवस गेले.

अजून एक. ह्या गाडीचे बोल्ट इंची आहेत. अर्धा इंची डोकं म्हणजे १२.७ मिमी, त्याला १३ चा पाना बसतो असं वाटतं आणि मग कोपरे गोल होतात. मी नऊ बोल्ट गोल केल्यावर इंची पाने आणि सॉकेट घेतले, जुन्या बाजारातून १,८००. पहिल्या दिवशी घ्या.

१८ फेब्रुवारी

सगळं सुटं झालं. केबिन उचलायला आमच्या तालमीतली सहा पोरं आणली, चहा-भज्यांवर काम झालं. केबिन गेली की इंजिनकडे चारी बाजूंनी हात जातो. पेटीतून वाकून काम करायचा नाद मी आधी दोन रविवार केला, पाठ गेली, काही उपयोग नाही.

फोटो चारशेच्या वर काढले, पण नंतर बघितले तर बहुतेक फोटो एकेका बोल्टचे जवळून, तो बोल्ट कुठला हेच कळत नाही. लांबून एक, मधून एक, मग जवळून असे काढा. आणि नटबोल्ट मी एकाच बादलीत टाकले. त्या बादलीने मला पुढे निदान तीन रविवार खाल्ले. आता पेढ्याचे रिकामे डबे, वर मार्करने नाव. मिठाईवाल्याने पन्नास डबे तसेच दिले.

१० मार्च: काकवी

गंज काढायचं काम. सँडब्लास्टिंगवाल्याने सगळ्याचे २२,००० सांगितले. त्यापेक्षा काकवीचा उपाय केला, काकवीच्या पाण्यात लोखंड बुडवून ठेवलं की गंज सुटतो, धातूला धक्का लागत नाही. आमच्याकडे गुऱ्हाळांचा सीझन, एका ओळखीच्या गुऱ्हाळावर करपलेली काकवी होती, दोन डबे फुकट. २०० लिटरचं ड्रम उभं कापून टब केला, एक भाग काकवी आठ भाग पाणी.

खरं सांगायचं तर रिझल्ट बघून मी येडाच झालो. दोन आठवड्यांनी बिजागऱ्या, ब्रॅकेट, पेडल काढून पाण्याच्या प्रेशरने धुतले तर करडं स्वच्छ लोखंड, खाचाखोचांतसुद्धा. पण धुतल्यावर तासाभरात परत लालसर व्हायला लागतं, म्हणून लगेच पुसून, उन्हात तापवून, प्रायमर. एक खेप मी जेवायला गेलो आणि ती परत बुडवावी लागली.

त्रास काय तर वास. चौथ्या दिवसापासून आंबते, वर फेस येतो, माश्या, मुंग्या, आणि गल्लीतलं एक कुत्रं त्यातलं पाणी पिऊन दोन दिवस वेगळंच वागत होतं. शेजारच्या काकूंनी सरळ विचारलं, भट्टी लावलीय का. झाकण लावा, घरापासून लांब ठेवा.

आणि मोठी चूक. दरवाजाची हँडलं पण टाकली. ती जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव. काकवी लोखंड सोडते पण ॲल्युमिनियम आणि जस्त खाते. बारा दिवसांनी काढली तर चाळणीसारखी भोकं. ओरिजिनल हँडलं होती, आता मिळत नाहीत. रिक्षाची बसवली शेवटी. कार्बोरेटर टाकायचा पण विचार होता, नशीब.

३१ मार्च

पेट्रोलची टाकी. आत गंजाचे पापुद्रे. सगळ्यात आधी टाकी धुण्याच्या सोड्याने आणि पाण्याने चार वेळा खळखळून घेतली, मग दोन दिवस पाणी भरूनच ठेवली, जुन्या पेट्रोलची वाफ हा चेष्टेचा विषय नाही. मग आत दोन किलो धारदार खडी टाकली, टाकी गोधडीत गुंडाळून शेजारच्या बांधकामावरच्या सिमेंट मिक्सरमधे दोरीने बांधली आणि पाऊण तास फिरवली. वॉचमन व्हिडिओ काढत होता. आतून चकाचक. खडी मोजून टाका, मी मोजली नाही आणि शेवटचे तीन खडे काढायला अख्खी संध्याकाळ टाकी डोक्यावर धरून हलवत बसलो.

१४ एप्रिल: इंजिन

हरिकेन इंजिन, २.२ लिटर. गंमत अशी की इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमधे आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमधे. हेडचे सगळे बोल्ट काढले, हेड हलेना. लाकडी हातोड्याने चारी बाजूंनी ठोकलं, फटीत पाचर घालायला घेतली होती. सुदैवाने म्हणलं वजन कमी करू म्हणून कार्बोरेटर काढला, आणि त्याच्या खाली, बरोबर जिथून हवा आत जाते त्या भोकात, अजून एक हेड बोल्ट! तो सोडवला, हेड हाताने उचललं. पाचर मारली असती तर हेड क्रॅक होऊन विषय संपला असता. बसवताना पण तो विसरू नका.

सिलिंडर मोजले. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ३.१२५ इंच, माझं आधीच ४० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) रिबोअर झालेलं आणि वर झीज. अजून कापायला नको म्हणून इथल्या उद्यमनगरच्या वर्कशॉपमधे चारही लाइनर (सिलिंडरच्या आतल्या नव्या नळ्या) ठोकून परत स्टँडर्ड साइजला आणलं. लाइनर आणि बोअरिंग ११,५००, पिस्टन-रिंग सेट ७,२००, क्रँक ग्राइंडिंग आणि बेअरिंग ६,८००. उद्यमनगरवाल्यांना इंजिनचं नाव सांगायची गरज पडली नाही, ब्लॉक बघूनच म्हातारे कारागीर खूश झाले.

डिझेलचा विषय इथे संपला. दोन कारणं. एक, पुठ्ठ्याचं मॉडेल करून मापं घेतली तर ते इंजिन उंच, मधली पेटी सहा इंच वर न्यावी लागणार, म्हणजे कोपर ठेवायला पण जागा नाही. दुसरं, कागद. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधे अडकतो, २०१९ मधे सुप्रीम कोर्टाने पण तेच स्पष्ट केलं. आधीच आरसीवर वारलेल्या माणसाचं नाव, त्यात इंजिन नंबर वेगळा, कोण पुढे जाणार. त्या दिवशी ठरवलं की जे काय नटवायचं ते बोल्टवर, काढलं की गाडी परत मूळची. कुठेही चेसिस कापायची नाही.

मे, सगळा महिना

केबिनचा तळ. दोन्ही पायांखालचा पत्रा कागद झालेला. १६ गेजचा पत्रा आणून गॅस वेल्डिंगने सुरुवात केली आणि उष्णतेने सगळा पत्रा पापडासारखा वेडावाकडा झाला. फाडून टाकला. नंतर मिग मशीन भाड्याने, दिवसाला ६००, एक टाका इथे एक टाका तिकडे, मधे थंड होऊ द्यायचं. संथ काम, लिहिण्यासारखं काही नाही, फक्त हात भाजले.

१६ जून, मग ३० जून, मग २१ जुलै

तीन तारखा कारण एकच काम तीनदा केलं. कलर.

कोल्हापूरचा पाऊस मला काय नवीन नाही, तरी पण म्हणलं शेडला ताडपत्री आहे, उरकून टाकू. खाली फिक्का हिरवा, वर क्रीम. पहिला हात मारला, अर्ध्या तासात सगळीकडे दुधासारखा पांढरट थर. हवेतला ओलावा कलरमधे अडकतो. दुकानदार म्हणाला थिनर बदला, हळू वाळणारा घ्या. बदलला, पांढरट नाही आला पण बारा दिवसांनी दरवाजाच्या खाली फोड. फोड फोडला तर प्रायमरच्या खाली गंज. म्हणजे मुळात प्रायमर मारला तेव्हाच पत्र्यावर ओल होती, वरून मी काहीही मारलं असतं तरी फुगलंच असतं. वर हा साधा प्रायमर पाणी शोषतो, आणि मी तो तीन आठवडे पावसाळी हवेत उघडा ठेवला होता.

सगळं पॉलिश पेपरने खाली पत्र्यापर्यंत. ताडपत्रीच्या आत हॅलोजन लावून पत्रा कोमट केला, लगेच इपॉक्सी प्रायमर, आणि वरचा कलर सरळ दिवाळीनंतर मारायचं ठरवलं. वाया गेलेला कलर आणि थिनर ८,४००, वेळ सहा आठवडे. नोव्हेंबरात एका रविवारी सगळा झाला, सकाळी दहा ते चार.

१८ ऑगस्ट: ब्रेक

ह्या गाडीला एकच ब्रेक सर्किट, म्हणजे कुठलाही एक पाइप फुटला की चारही चाकं मोकळी. हे मात्र मी मूळचं ठेवलं नाही. नंतरच्या जीपचा दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आणला, २,६००, १० मिमीच्या पट्टीचा ब्रॅकेट करून जुन्याच भोकांवर बसवला. जुना डब्यात ठेवलाय.

हवा काढली, पेडल कडक, खूश. गाडी ढकलून बघितली तर पहिल्यांदा हलते, चार-पाच वेळा ब्रेक दाबला की चाकं जाम. ब्लीडर (हवा काढायचा स्क्रू) सैल केला की सुटतात. मी सगळे व्हील सिलिंडर परत उघडले, ब्रेक लाइनर घासले, स्प्रिंगा बदलल्या. दोन रविवार. चूक वरतीच होती, माझ्या ब्रॅकेटमुळे पुशरॉड (पेडलपासून मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला ढकलणारा दांडा) अर्धा सेंटीमीटर लांब झालेला, त्यामुळे पाय काढला तरी पिस्टन पूर्ण मागे येत नव्हता आणि तेल परत जायचं बारीक भोक झाकलेलंच राहायचं. प्रत्येक दाबाला थोडं तेल आत, बाहेर काहीच नाही. रॉड आखूड केला, पेडलला अर्धा इंच मोकळी चाल ठेवली, प्रश्न मिटला.

२२ आणि २९ सप्टेंबर

इंजिन जोडलं. कामी येईल म्हणून मापं: इनलेट टॅपेटची फट १८ थाऊ, एक्झॉस्ट १६ थाऊ, दोन्ही थंड इंजिनवर. पॉइंट २० थाऊ, प्लग ३० थाऊ. सिलिंडर पेट घेण्याचा क्रम १-३-४-२.

स्टार्टर मारला. फाट्, फुस्, कार्बोरेटरमधून जाळ. परत मारला, सायलेन्सरमधून बार. गल्लीतली पोरं गोळा झाली. मधेच दोन सेकंद चालल्यासारखं करायचं आणि बंद. मला खात्री की कार्बोरेटर. उघडला, जेट फुंकले, फ्लोट बघितला, परत लावला. तेच. दुसऱ्या रविवारी टायमिंग गिअर चुकला असेल म्हणून पुढचं कव्हर उघडलं, खुणा जुळलेल्या. वैतागून नुसतं बघत बसलो होतो आणि पोराला म्हणलं जरा स्टार्टर मार. डिस्ट्रिब्युटरचं (प्लगना पाळीपाळीने ठिणगी वाटतो तो) झाकण उघडं होतं. रोटर डावीकडे फिरतोय! घड्याळाच्या उलटा. आणि मी वायरी घड्याळाच्या दिशेने लावलेल्या.

ह्यात गंमत बघा, उलट्या बाजूने लावल्या तरी एक आणि चार नंबर बरोबरच येतात, फक्त दोन आणि तीन आपापसात बदलतात. म्हणून ते अर्धवट चालू व्हायचं आणि मला वाटायचं पेट्रोल कमी पडतंय. दोन वायरी बदलल्या, अर्ध्या स्टार्टरला चालू. आवाज असा मऊ की आण्णा आतून चहा घेऊन आले. मी काय चुकलो ते त्यांना सांगितलं नाही, इथे लिहितोय.

१२ ऑक्टोबर, दसरा

पूजा झाली, गाडीची नाही, चेसिसची. झेंडूचा हार रेडिएटरला.

२४ नोव्हेंबर

गिअरबॉक्स. मागच्या महिन्यात गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) दोन्हीत बरोबर लेव्हलला तेल भरलेलं. शेडमधे चालू ठेवून, अंगणात पुढे-मागे करून महिना झाला, बघतो तर गिअरबॉक्समधे कमी आणि ट्रान्सफर ओसंडून. मधल्या शाफ्टच्या सीलमधून तेल एकीकडून दुसरीकडे जातं, ह्या जोडीचा हा जुना रोग. आणि हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफरच्या मागच्याच तोंडावर, म्हणजे जास्त झालेलं तेल सरळ हँडब्रेकच्या लाइनरवर. मला हे कधी कळलं? हँडब्रेक ओढून उतारावर उभी करून पाणी प्यायला गेलो तेव्हा. गाडी शांतपणे मागे जाऊन तुळशीकट्ट्याला टेकली. कट्ट्याची एक वीट, मागच्या फळीला पोचा, आणि घरी दोन दिवस अबोला. सील ३२० रुपये, ते बदलायला ट्रान्सफर खाली काढायचा एक रविवार.

डिसेंबर: हौदा

सगळ्यात आवडलेलं काम. हौद्यात पत्र्यावर लाकडी फळ्या टाकायच्या होत्या. सागवान परवडेना, म्हणून बैलगाड्या करणाऱ्या एका सुताराकडून बाभळीच्या फळ्या घेतल्या, ३,९००. बाभूळ वजनाला जड आणि दगडासारखी, गाडीच्या चाकांना उगाच वापरत नाहीत. सुतार म्हणाला होता लाकूड ओलं आहे, चार महिने सावलीत ठेव. मी चार आठवडे ठेवलं. जानेवारीत फळ्या आकसल्या, मधे बोट जाईल अशा फटी आणि एक फळी पिळा मारून उभी. सगळ्या सोडवून परत जवळ सरकवल्या, शेवटी एक फळी जास्त लागली. बोल्ट बसवायच्या भोकांना लांबट केलंय, आता सरकली तरी चालेल.

बाकी नटवणं थोडक्यात: डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, हेडलाइटला रिले, इंजिनच्या पेटीला आतून उष्णतारोधक चादर. ती चादर चैन नाही, गरज आहे, तिच्याशिवाय डावी मांडी शिजते.

फेब्रुवारी २०२५

पेट्रोल पंपाचा डायफ्राम आखडला आणि रबरी नळी आतून पापुद्रे सोडायला लागली, सहा महिन्यांपूर्वी नवीन टाकलेली. आता पंपावर इथेनॉलवालं पेट्रोल येतं, जुन्या पद्धतीचं रबर त्यात टिकत नाही. व्हिटॉनची नळी आणि तशाच मटेरियलचं किट घेतलं, १,४००. आधी स्वस्त नळी २०० ची घेतली होती.

कागदाचं पण ह्याच महिन्यात. वारसाचे कागद, मग माझ्या नावावर, असे दोन टप्पे. एजंट म्हणाला विंटेजमधे टाकू, २०,००० फी, व्हीए वाली प्लेट मिळेल. नियम वाचला तर २०२१ चा तो नियम पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि प्रवासी चारचाकीसाठी आहे, माझी मालवाहू. त्याला दाखवलं तर म्हणाला बघू काहीतरी. बघू नको म्हणलं. नेहमीच्या वाटेने फिटनेस आणि नूतनीकरण, तीन चकरा, पहिल्यांदा हॉर्नवर नापास.

३० मार्च २०२५, पाडवा

घर ते जोतिबा आणि परत. चढाला दुसऱ्या गिअरमधे आरामात, टेंपरेचर मधोमध. उतरताना कळलं की रिकामी गाडी पुढे किती जड आहे. ड्रायव्हर, इंजिन, सगळं पुढच्या चाकांवर, जोरात ब्रेक मारला की मागची चाकं हलकी होतात. अमेरिकेतल्या एफसीला मागे चेसिसला वजन लावलेलं असायचं ते ह्याचसाठी. मी वाळूची दोन पोती मागच्या फळीला बांधलीत, फरक लगेच कळतो.

२० एप्रिल

खर्चाची वही जुळवली: गाडी धरून २,४१,०००. त्यातले माझ्या चुकांचे साधारण २६,०००, त्यात कलर, हँडलं, तुटलेले स्टड, पत्रा, फळी सगळं आलं. रविवार मोजले, ५३.

राहिलेलं: पुढच्या नकलच्या (पुढची चाकं वळतात तो सांधा) गोळ्यांमधून ग्रीस अजून गळतं, फेल्टची सील दोनदा बदलली, गोळ्याला गंजाचे खड्डे आहेत तोवर टिकणार नाहीत. गोळे काढून खड्डे भरून घासायला टर्नरकडे द्यायचे आहेत, तोपर्यंत खाली तेलाच्या डब्याचं झाकण ठेवलंय. वायपर उजवा चालतो, डावा मनाला येईल तेव्हा. आणि सुताराने अजून एक बाभळीची फळी बाजूला ठेवलीय, ह्या खेपेला ऑगस्टपर्यंत वाळू देणार.